वाकळेच्या पोटावरचं ठिगळ

शिवणकामाची चाळीस वर्षं लिहून द्या, असं या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या. आता चाळीस वर्षांत मी जे शिवलं, त्यातली निम्मी पोलकी होती आणि निम्मं काम म्हणजे तीच पोलकी उसवून पुन्हा शिवणं. त्यात लिहिण्यासारखं काय? त्यापेक्षा गेल्या हिवाळ्यात तुळजापुरात माझी जी शोभा झाली ती सांगते. त्यात माझा सगळा धंदा येतो, आणि माझी लायकीही येते.

कळंबच्या बाजारात ‘इंदू लेडीज टेलर्स’ हे माझं दुकान होतं. डोळ्यांनी सुईच्या भोकाशी वैर धरलं तेव्हा बंद केलं. मशीन घरी आणलं आणि पुढच्या खोलीत ठेवलं. काळं, मानेवर सोनेरी वेलबुट्टी, खाली पायानं हलवायचा लोखंडी पायटा. त्यावर धूळ बसू नये म्हणून एक जुनी वाकळ घातलेली. वाकळ म्हणजे पुण्याकडं जिला गोधडी म्हणतात आणि इंग्रजी शिकलेले क्विल्ट म्हणतात ती. जुन्या लुगड्यांचे थर, वर चिंध्यांची जोडणी, आणि सगळ्याला हातानं घातलेला धावदोरा.

एक दिवस पुण्याहून गार्गी मॅडम आल्या. जुन्या शिलाई मशिनींच्या आणि गोधड्यांच्या शौकिनांचा एक गट आहे, त्याच्या या म्होरक्या. कुणाकडून तरी माझ्या मशीनचं ऐकून आल्या होत्या. मी वाकळ बाजूला काढली आणि मशीन दाखवलं. बाईंनी मशीनकडं एकदा पाहिलं, "छान आहे" म्हणाल्या, आणि वाकळ हातात घेऊन खालीच बसल्या. अर्धा तास फोटो काढत होत्या. शेवटी डोळे मोठे करून म्हणाल्या, "आजी, हे तुम्ही केलंय?"

मी म्हणाले, "घरचंच आहे."

हे खोटं नव्हतं. घरचंच होतं. फक्त ते माझ्या थोरल्या जावेनं, शेवंताक्कानं शिवलं होतं, आणि हे सांगायला मला त्या दिवशी तोंड उघडता आलं नाही. कारण पुढचं वाक्य बाईंनी उच्चारलं होतं: तुळजापुरात आमचा मेळावा आहे, तिथं ही वाकळ मांडू, तुमचा सत्कार करू, आणि नंतर पुण्यात आमचं कायमचं दालन आहे तिथं ती तुमच्या नावाच्या पाटीसकट लावू.

माझ्या नावाची पाटी. दुकानाची पाटी उतरवली त्या दिवसापासून माझं नाव फक्त रेशनकार्डावर आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर उरलं होतं. मी "बरं" म्हणाले. बहात्तर वर्षांची बाई, आणि तोंडाला पाणी सुटलं.

अडचण एकच होती. मेळाव्यात दोन तास बसून हातशिलाई करून दाखवायची होती. मी आयुष्यभर मशीन मारलेली बाई. माझा हातचा टाका पाहिला तर डॉक्टर लकव्याची तपासणी सांगेल. म्हणून मी सासरच्या गावी गेले आणि अक्काला म्हणाले, "अक्का, तुळजापूरला येता का? देवीला जाऊन येऊ."

"कधी न्हाय ते तुला देवी कशी आठवली?"

"वय झालं आता."

"तुजं वय झालं, तर मी काय पाळण्यात हाय?" अक्का म्हणाली. पण आली. पंच्याहत्तरीच्या पुढं एसटी फुकट असल्यापासून तिला कुठंही चल म्हटलं की ती पिशवी घेऊन उभी असते.

त्या वाकळेचं काय झालं होतं, ते आता सांगावंच लागेल. त्याला पन्नासेक वर्षं झाली.

मी लग्न होऊन कळंबशेजारच्या वाशीकडच्या त्या गावात आले ती मशीन घेऊन. बापानं दिलेलं. शिवाय सोलापूरच्या शिवण क्लासचं सहा महिन्यांचं सर्टिफिकेट. ते मी फ्रेम करून देवाशेजारी लावलं होतं आणि सासूबाई दोन्हीला एकदमच उदबत्ती ओवाळायच्या. गावात पहिलं पायमशीन. बायका बघायला यायच्या. काम नसलं तरी मी दोरा न घालताच पायटा मारत बसायचे, नुसता आवाज व्हावा म्हणून. कुणी म्हणालं की "इंदे, जरा माझं टोपडं शिवून दे," तर मी आधी मशीनचा लाकडी टोप काढायचे, पदरानं पुसायचे, तेल घालायचे, आणि मग म्हणायचे, "आज मशीनचा मूड नाही." त्या मूर्ख पोरीला आज कुणी माझ्यासमोर आणून उभी केली तर तिच्या कानाखाली वाजवायला मला मूड बघावा लागणार नाही.

अक्का तेव्हा बत्तीसची. नळदुर्गाकडची, शाळेचं तोंड न पाहिलेली. दुपारी काम आवरलं की ओसरीवर लुगडं अंथरायची, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन तांबे ठेवायची, आणि काठापासून दोरा घालत घालत आत यायची. वाकळ अशीच शिवतात, काठाकडून मध्याकडं, फेरी घेत. कापडाचा सगळा सैलपणा हातानं सरकवत मध्ये आणायचा आणि तिथं तो जिरवायचा. मी तिच्या टाक्यांना म्हणायचे, "अक्का, ही काय मुंग्यांची रांग? तीही वाट चुकलेल्या मुंग्यांची!" आणि माझ्याच विनोदावर हसायचे.

मला पहिला मुलगा व्हायचा होता. अक्कानं त्याच्यासाठी वाकळ शिवायला घेतली. माझ्याच मशीनखालच्या चिंध्या वेचून नेल्या. दोन महिने शिवली, तोवर मुलगा झाला. मध्ये परातीएवढी जागा राहिली. आमच्याकडं त्या शेवटच्या जागेला पोट म्हणतात. तिथं भाकरीचा एक तुकडा आत ठेवतात, वाकळ उपाशी राहू नये आणि तिच्याखाली निजणारंही उपाशी राहू नये म्हणून. आणि जिनं पहिला टाका घातला तिनंच पोट शिवायचं, असा नेम. अक्कानं तुकडा ठेवला, चार कच्चे टाके घातले, आणि तेवढ्यात माहेराहून आई आजारी असल्याचा निरोप आला. जाताना म्हणाली, "धाकटे, हात लावू नगंस. मी आल्यावर पोट शिवते."

बारसं दोन दिवसांवर. माझ्या माहेरची माणसं येणार. मी म्हटलं, परातीएवढी जागा, त्याला दोन दिवस कशाला? मशीनवर दोन मिनिटांत होईल, आणि पाहुण्यांना मशीनचा सरळ टाकाही दिसेल.

शिवण न करणाऱ्यांसाठी सांगते. मशीनमध्ये कापडाखाली लोखंडी दाते असतात, ते कापड पुढं ओढतात. वरून सुईजवळचा लोखंडी पाय कापड दाबून धरतो. पातळ कापडाला हे चालतं. वाकळेसारखा जाड माल घातला की खालचा थर दात्यांबरोबर पळतो आणि वरचा थर पायाखाली अडून मागं राहतो. हे मला सोलापूरच्या क्लासात शिकवलं होतं. मी त्या दिवशी बहुतेक मैत्रिणीच्या वेणीकडं बघत होते.

वाकळेची गुंडाळी करून मशीनच्या मानेखाली कोंबली आणि पायटा मारला. तिसऱ्या टाक्याला सुई मोडली. सुकलेली भाकरी कौलासारखी झाली होती, तिच्यावर सुई बसली. दुसरी सुई घातली, तीही मोडली. मग मी जोर केला. बाहेर काढून बघते तर मधोमध कापडाचा फुगा, टम्म फुगलेल्या पुरीएवढा. दाबला तर शेजारी वर यायचा. शहाण्या बाईनं उसवलं असतं. मी कात्री घेतली आणि फुगाच कापून टाकला. भाकरी त्याच्याबरोबर गेली.

आता वाकळेच्या पोटाला भोक. त्यावर लावायला जाड कापड हवं. समोर शाळेच्या मास्तरीणबाईंच्या पोलक्याचं तांबडं कापड पडलं होतं. त्यातलं वीतभर कापलं आणि भोकावर ठिगळ मारलं. घाईत तेही वाकडं बसलं, एक कोपरा वर, एक खाली.

मास्तरीणबाईंच्या बाह्या अर्थातच आखूड झाल्या. त्यांना मी म्हणाले, "सोलापूरला आता सगळ्या अशाच घालतात." बाईंनी विश्वास ठेवला, कारण सर्टिफिकेट फ्रेममध्ये होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सासूबाई छत्री घेऊन आल्या आणि अंगणातून ओरडल्या, "बाह्या कुठं खाल्ल्यास गं भवाने?" पण आठवड्याभरात गावातल्या पाच जणींनी तसल्याच बाह्या मागितल्या. माझं नाव झालं ते तिथून. चोरीच्या कापडानं.

अक्का परत आली. वाकळेवरून हात फिरवला. ठिगळावर हात थांबला.

"भाकरी कुठं हाय?"

"गेली. कापडाबरोबर."

"उपाशीच ठेवलीस की गं," अक्का म्हणाली. बास. भांडली असती तर मी चार शब्द परत केले असते आणि मोकळी झाले असते. ती उठली आणि चुलीकडं गेली.

त्यानंतर गावात कुणाच्याही घरी पाळणा हलला की अक्काची वाकळ पोचायची. माझ्या पुढच्या दोन्ही पोरींच्या वेळी मी वाट बघत बसले. आली नाही. एरवी बोलणं-चालणं, सणवार, आजारपण, सगळं नीट. पण त्या गोष्टीवर ती एक शब्द बोलली नाही, आणि मीही चूक झाली म्हणून कधी म्हणाले नाही. पुढं आम्ही कळंबला आलो, दुकान काढलं, आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत ते सोयीस्करपणे राहून गेलं.

तर ही वाकळ आता तुळजापूरच्या एका मंगल कार्यालयात भिंतीवर टांगलेली, वरून दिवा सोडलेला, आणि खाली पाटी: ‘पारंपरिक वाकळ. कारागीर: इंदुबाई, कळंब.’

मेळावा बघण्यासारखा होता. एका बाजूला मशिनी, लग्नात रुखवत मांडतात तशा. त्यांच्यामागं त्यांचे मालक. एक काका पांढरे हातमोजे घालून मशीन पुसत होते. म्हणाले, "माझ्याकडं बत्तीस आहेत."

"बापरे. काय काय शिवता?"

"शिवत नाही. जतन करतो."

"आणि अंगातला सदरा?"

"रेडिमेड," काका म्हणाले. त्यांना कुठल्या मशीनचा नंबर काय आणि ते कुठल्या साली कुठल्या देशात ओतलं, सगळं पाठ. मी एका मशीनच्या बॉबिनला दोरा उलटा भरलेला दाखवला, तर म्हणाले, "तो दिसायला ठेवलाय." बत्तीस मशिनी, आणि एकीनंही कधी कुणाची फाटकी चड्डी शिवली नव्हती. मला त्या मशिनींची दया आली.

दुसऱ्या बाजूला क्विल्टवाल्या. या बायका दुकानातून नवंकोरं कापड आणतात, घरी बसून त्याच्या चौकोनी चिंध्या करतात, आणि मग त्या एकमेकींना जोडतात. अक्कानं हे बराच वेळ पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाली, "ह्यांच्या घरी जुनं काय फाटतच न्हाय का गं?" मग इकडंतिकडं बघून, "आन देवी कुठं हाय?"

"आता गर्दी असेल. दुपारनंतर जाऊ."

"हितं काय कमी गर्दी हाय?" असं म्हणेपर्यंत तिची नजर भिंतीवर गेली.

ती सरळ तिकडं चालत गेली. वाकळेचा काठ चिमटीत धरला आणि बोटांनी टाके चाचपायला लागली. एक स्वयंसेविका धावत आली. "आजी, आजी, प्लीज, हात लावू नका!"

अक्कानं हात मागं घेतला. पाटीकडं बोट केलं आणि मला विचारलं, "काय लिवलंय गं त्येच्यात?"

माझ्यापुढं तेव्हा खरं बोलायची सरळ वाट होती. मी म्हणाले, "‘हात लावू नका’ असं लिहिलंय."

"बरं," अक्का म्हणाली आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर जाऊन बसली. गार्गी मॅडमनी विचारलं, "या कोण?" मी म्हणाले, "माझ्या मदतीला आणलंय." हे वाक्य लिहिताना मला आत्ता पाणी प्यावंसं वाटतंय. तेव्हा वाटलं नव्हतं. माझ्या खांद्यावर शाल होती आणि हातात नारळ.

मी डोळ्यांचं कारण पुढं केलं आणि शिलाई दाखवायला अक्काच बसली. मी शेजारी बसून लोकांना समजावून सांगत होते, गारुड्याच्या जोडीदारासारखी. मग गार्गी मॅडमचं व्याख्यान झालं. त्यांनी लांब काठी घेतली आणि थेट ठिगळावर ठेवली.

"हा मध्यबिंदू पाहा. सगळ्या रेषा शिस्तीत आत येतात आणि इथं अचानक शिस्त मोडते. हा तांबडा रंग, हा मुद्दाम तिरका ठेवलेला चौकोन. हे स्त्रीच्या उदराचं प्रतीक आहे. परंपरेच्या आत राहून केलेलं बंड आहे. असा धीट हात मी दुसऱ्या कुठल्याच गोधडीत पाहिलेला नाही."

लोकांनी वह्यांत लिहून घेतलं. हातमोजेवाले काका "वा, वा" म्हणाले. मी मान खाली घातली, तर तेही लोकांना विनय वाटलं.

मग माइक माझ्याकडं आला. "आजी, तुमचे अनुभव सांगा." बोलायला मला कधीच सांगावं लागलेलं नाही. मी त्यांना सांगितलं की लेडीज टेलरचं अर्धं कसब जिभेत असतं. माप घेताना आकडा कधी मोठ्यानं म्हणायचा नाही. गेल्या वर्षीचं पोलकं होईना म्हणून बाई आली, तर "कापड आटलंय" म्हणायचं. शिवणीत आत दोन बोटं जादा कापड आधीच सोडून ठेवायचं आणि गुपचूप सैल करून द्यायचं. माझ्या हातून कळंबमधली एकही बाई कधी जाड झाली नाही, कापडंच आटली.

हशा झाला. मी आणखी चढले. एका नवरीच्या पोलक्याची गोष्ट सांगितली. बाहीला पुढची बाजू आणि मागची बाजू वेगळी असते, पुढून जास्त खोल कापतात, म्हणून डावी बाही उजव्या हाताला बसत नाही. लग्नसराईच्या गडबडीत मी एकीच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. कळलं तेव्हा वऱ्हाड दारात आणि जादा कापड वीतभरही नाही. मी नवरीला म्हणाले, "पोरी, आज दिवसभर पदर उजव्या खांद्यावरून घे आणि अंगभर लपेटून ठेव, तो हात वर करू नकोस." सासरची माणसं म्हणाली, मुलगी काय मर्यादेची आहे! पुढं त्याच सासूनं आपल्या तिन्ही सुनांची पोलकी माझ्याकडंच टाकली.

सभागृह हसून लोळत होतं. मी अक्काकडं पाहिलं. तीही हसत होती, पदर तोंडाला लावून. तेवढ्यात गार्गी मॅडम म्हणाल्या, "आणि आजी, शेवटी त्या मध्यबिंदूबद्दल. तो चौकोन तिरका ठेवावा असं तुम्हाला त्या क्षणी का वाटलं?"

अक्काचं हसणं थांबलं. ती रागानं बघत नव्हती. नुसती बघत होती, खरंच उत्तर ऐकायचं असल्यासारखी. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्या ठिगळाबद्दल कुणीतरी मला तिच्यासमोर विचारत होतं.

मी माइक दोन्ही हातांनी धरला. म्हणाले, "मॅडम, ते बंडबिंड काही नाही. तिथं भोक आहे."

लोक पुन्हा हसले. मी म्हणाले, "हसू नका. ही वाकळ मी केलेली नाही. त्या पहिल्या रांगेतल्या माझ्या जावेनं केली, माझ्या पोरासाठी. त्यांनी हात लावू नको म्हणून सांगितलं होतं, मी मशीनवर घातली, बिघडवली, आणि कात्रीनं तिचं पोट कापलं. ठिगळ गिऱ्हाइकाच्या चोरलेल्या कापडाचं आहे. तिरकं आहे कारण मी घाईत होते. आज त्यांना मी देवीला म्हणून फसवून आणलंय. अक्का, माझं चुकलं. तेव्हाही चुकलं आणि आजही."

मग टाळ्या. या लोकांना टाळ्या वाजवायला काहीही चालतं.

"किती सुंदर!" गार्गी मॅडमचे डोळे भरले होते. "म्हणजे हा दोन स्त्रियांमधला संवाद आहे!"

"संवाद कसला बाई," मी म्हणाले, "कात्री होती."

त्यांनी पाटी भिंतीवरून काढली, पेन घेतलं आणि अक्कासमोर गुडघ्यावर बसल्या. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा. पाटीवर तुमचं नाव हवं. ही पुण्याला जाणार आहे, कायमची."

"माझं कशापायी?"

"वाकळ तुमची आहे ना?"

अक्का उठली. वाकळेपाशी गेली. या वेळी तिला कुणी अडवलं नाही. काठ चाचपत चाचपत आत आली आणि ठिगळाच्या अलीकडं तिचं बोट थांबलं.

"हितवर माजं. फुडचं न्हाय," ती म्हणाली. "जिचं पोट म्या शिवलं न्हाय तिला माजं नाव लावू नगा. चार गावांत माज्या वाकळा हायती. कुनी पुन्याला गेलं आन ही बघितली, तर म्हनंल, शेवंताचा हात आसला? न्हाय बाई."

मॅडम गोंधळल्या. "मग नाव कुणाचं ठेवू?"

"हिचंच ऱ्हाऊ द्या. लई हौस हाय तिला. फकस्त हिनं काय केलं त्ये बी लिवा."

"काय लिहू?"

"बिघडवलं म्हनून लिवा."

गार्गी मॅडमचं पेन हवेतच राहिलं. म्हणाल्या, ‘बिघडवलं’ जरा कठोर वाटतं, ‘हस्तक्षेप केला’ चालेल का? हातमोजेवाले काका म्हणाले, ‘पुनर्रचना’ लिहा. क्विल्टवाल्यांमधल्या एकीनं तिसराच शब्द काढला, तो मला कळला नाही. आयुष्यात मशीनला सुई घातली नाही ती माणसं माझ्या पापाला नावं सुचवत होती. मी मॅडमच्या हातातलं पेन घेतलं. न पुसणाऱ्या शाईचं होतं, तेच बरं. माझ्या नावाखाली मोठ्या अक्षरात लिहिलं आणि पाटी अक्कासमोर धरली.

"काय लिवलंयस?"

मी बोट ठेवून, एकेक शब्द सुटा करून वाचलं. "कारागीर: इंदुबाई, कळंब. हिनं मधलं बिघडवलं."

अक्कानं पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्या हातातली पाटी काढून घेतली आणि मघाच्या त्या स्वयंसेविकेकडं वळली.

"पोरी, तू शिकलेली दिसतीस. हिनं वाचलं तसंच हाय का गं ह्यात?"

पोरगी वाकली. वाचलं. माझ्याकडं बघितलं आणि ओठ दाबत म्हणाली, "हो आजी. अगदी तसंच आहे."

अक्कानं मान हलवली. पण जाताजाता बत्तीस मशीनवाल्या काकांकडून तिनं ते आणखी एकदा वाचून घेतलंच.